चारवालं की सहावालं

४ मार्च, सोमवार

आज मिस्त्रींच्या शेडमध्ये उतरलेलं सामान: सहा सिलिंडरचं जुनं इंजिन, एक नग, साडेतीन हजार (पसंत नसेल तर आठवड्यात परत, असं बोलणं झालंय). टेम्पोभाडं एकशे साठ. उतरवणाऱ्यांना साठ. गाडीच्या बाहेरून लावायचे आरसे, दोन, पंचावन्न. चहा घरून किटलीत भरून नेला, म्हणून त्याचा आकडा नाही.

आरशांचा खर्च माझ्या मते उगाच. आत एक आरसा आहेच. मी तसं म्हणाले तर हे म्हणाले, "मागचं दिसलेलं बरं." मागे कोण लागलंय ह्यांच्या, देव जाणे.

लोकांकडे एवढ्या जुन्या गाड्या असतात त्या चादरीखाली. रविवारी चादर काढायची, पुसायची, फोटो काढायचा, पुन्हा झाकायची. आमची रोज सकाळी कामाला जाते. हे तिला ठकी म्हणतात. घेतली तेव्हाच ती जुनी होती, आणि आम्ही नवे होतो. ह्यांचं काम वजनकाटे दुरुस्तीचं. गिरणी, वखार, सोनाराचं दुकान, दवाखाना, जिथं काटा अडला तिथं हे जाणार. तपासायला लागणारी लोखंडी वजनं डिकीत असतात, त्यामुळे ठकी मागून कायम बसकी. तिचं मूळचं इंजिन चार सिलिंडरचं. ते आता तेल पितं, चढावर निळा धूर सोडतं, आणि उभ्या गाडीत सुद्धा इतकं थरथरतं की माझ्या मांडीवरची पिशवी घसरत घसरत पायाशी जाते. मिस्त्रींनी ते उतरवून ठेवलंय.

आता दोन इंजिनं शेजारी शेजारी पडली आहेत आणि आमच्याकडे पैसे एकच नवं करण्यापुरते आहेत. कोणतं करायचं ते आठवड्यात ठरवायचं. तोवर हे बसने जातात, एका पिशवीत मावतील तेवढीच वजनं घेऊन. मोठ्या काट्यांची कामं तशीच राहतायत. कालच एका वखारवाल्याने दुसऱ्याला बोलावलं.

देवा, जे योग्य तेच सुचव. आणि स्वस्तातलं सुचव.

७ मार्च, गुरुवार

ह्यांच्याबरोबर शेडमध्ये गेले. मिस्त्रींनी माझ्यासाठी खुर्ची पुसली, पण पुसलेल्या फडक्यानेच ती जास्त काळी झाली, म्हणून उभीच राहिले.

मिस्त्री म्हणाले, "वहिनी, सरळ सांगतो. चारवाल्याचे सिलिंडर झिजलेत, बोअर करून मोठे करावे लागतील, त्या मापाचे पिस्टन मिळत नाहीत, शोधावे लागतील, क्रँकही घासावा लागेल. एवढं करून ते राहणार थरथरतंच. सहावालं ह्याच कंपनीच्या मोठ्या गाडीतलं. मागून ठोकर लागून गाडी गेली, इंजिनाला काही नाही. सामान बाजारात पडलंय. आणि चालणार कसं म्हणाल, तर बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवा, थेंब सांडला तर माझं नाव बदला."

मी म्हणाले, "नाव काय ठेवायचं ते आधी ठरवून ठेवा." मिस्त्री हसले. हे हसले नाहीत. ते चारवाल्यापाशी उकिडवे बसले होते, त्यावर तळहात ठेवून. जसा तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा.

मिस्त्रींनी विचारलं, "साहेब, काय म्हणता?"

उत्तर नाही. मिस्त्रींनी पुन्हा विचारलं, पुढे येऊन. तेव्हा मान वर करून म्हणाले, "चारवालं."

"का पण?" मी विचारलं.

"सवयीचं आहे."

हे काही कारण झालं का? सवय तर मला फाटक्या चपलेचीही होती.

निघताना एक शौकीन गृहस्थ भेटले. त्यांची चकचकीत गाडी मिस्त्रींकडे रंगायला आली आहे. ते म्हणाले, "मूळचं इंजिन घालवू नका हो, गाडीची किंमत त्यातच असते." आता कळलं ह्यांच्या डोक्यात हे वेड कुणी भरवलंय ते. ज्यांना रोज कामाला जायचं नाही त्यांनी सल्ले द्यावेत आणि आम्ही धूर खावा.

९ मार्च, शनिवार

जेवताना मी विषय काढला. शांतपणे. आकडे कागदावर मांडून समोर ठेवले. पेट्रोल सहावाल्याला जास्त लागेल, पण दुरुस्ती निम्मी. चढ लीलया चढेल. कंबर दुखणार नाही. "आणि गाडीत दोन शब्द बोलता तरी येतील," मी म्हणाले. "त्या खडखडाटात गेली किती वर्षं आपण मुक्यासारखे बसतोय!"

हे कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बोलायचंय तुला गाडीत?"

"बोललं तर काय बिघडलं?"

"काही नाही." पाणी प्यायले. "ठीक आहे. तू म्हणतेस तर सहावालं."

एवढ्या लवकर ऐकतील असं वाटलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. भांडून मिळालं असतं तर वाटलंही असतं.

१५ मार्च, शुक्रवार

सहावाल्याचं काम सुरू. रिंगा, बेअरिंग, गॅस्केटचा संच. पावत्या सगळ्या टाचल्या आहेत.

मिस्त्रींकडून एक कळलं. हे काल कामावरून परस्पर शेडमध्ये गेले आणि त्या उतरवलेल्या चारवाल्याच्या सिलिंडरमध्ये तेल ओतून, वरून ग्रीस चोळून, ताडपत्रीत बांधून आले. अर्धा डबा ग्रीस! जे आता उपयोगाचं नाही त्याला न्हाऊमाखू घालायचं. घरात साबणाची वडी पातळ होईपर्यंत वापरते मी.

काही बोलले नाही. बोलून उपयोग नसतो हल्ली. मी बोलते, हे खिडकीबाहेर बघतात. रेडिओ मात्र एवढा मोठा लावतात की शेजारच्या काकू बातम्या आमच्याच घरच्या ऐकतात आणि वीज वाचली म्हणतात.

२४ मार्च, रविवार

आजही हे संध्याकाळच्या प्रार्थनेला बसले नाहीत. पूर्वी मी एक ओळ म्हणायची आणि हे दुसरी. गेल्या वर्षी मध्येच चुकायला लागले, माझी ओळ संपायच्या आधीच आपली सुरू करायचे. मी एकदा रागावले, "लक्ष कुठे असतं तुमचं? देवापुढे तरी नीट बसा." तेव्हापासून यायचेच बंद झाले. माणसाचा विश्वास असा हळूहळू उडतो की काय? मी दोघांच्या ओळी एकटीच म्हणते. देवा, त्यांना तुझ्या नावाची गोडी पुन्हा लाव.

दुपारी मिस्त्रींचा निरोप आला. परगावचे जुन्या इंजिनांचे व्यापारी ट्रक घेऊन आले आहेत, शेडमधलं सगळं मोडीत नेतायत, तुमचं चारवालं द्यायचं का, चारशे देतायत, लगेच सांगा. हे मागच्या पडवीत, पाठमोरे, काट्याची दांडी कानशीने घासत होते. मी स्वयंपाकघरातून विचारलं, नळ सुरू होता, म्हणून जरा मोठ्यानेच विचारलं, "अहो, ते जुनं इंजिन देऊन टाकू का? चारशे येतायत."

हे म्हणाले, "हं."

मी पुन्हा विचारलं, "देऊ ना मग?"

"हं."

दिलं. चारशेत तेलाचा डबा आणि साखर आली. नसती अडगळ गेली. ग्रीससुद्धा गेलं म्हणा.

२ एप्रिल, मंगळवार

ठकी घरी आली! मिस्त्रींनी खरंच बॉनेटवर पेला ठेवून दाखवला. गल्लीतली पोरं जमली. पाणी हललं, सांडलं नाही. नाव बदलायचं राहिलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, चालू आहे का बंद, कळतच नाही!"

हे गाडीत बसले होते, दोन्ही हात चाकावर. मी खिडकीशी जाऊन म्हणाले, "बघा, कशी सायीसारखी मऊ चालतेय." हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले, "छान आहे."

देवापुढे साखर ठेवली.

६ एप्रिल, शनिवार

आनंद चार दिवसही टिकला नाही. स्टार्टर गेला. मिस्त्री आले, खाली वाकून बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, साहेब चालू गाडीला पुन्हा चावी मारतात. कर्रकन आवाज होतो, आख्खा रस्ता वळून बघतो. दात झिजले. असं दोनदा-तीनदा केलं तर टिकेल कसा?"

स्टार्टरचं चाक बदललं. खर्च लिहिवत नाही, तरी लिहिला आहे.

मला कळतं हे काय आहे. मनासारखं झालं नाही म्हणून हे गाडीवर राग काढतायत. चारवाल्याची जिद्द. लहान मूल नको असलेला सदरा मुद्दाम चिखलात लोळवतं ना, तसं. पण वयाला शोभतं का हे?

११ एप्रिल, गुरुवार

आज गिरणीच्या फाटकापाशी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच बोंबलत आणली म्हणे. इंजिन किंचाळत होतं, हमालांनी कानांवर हात ठेवले, आणि हे शांतपणे वजनं उतरवायला लागले. गिरणीच्या कारकुनाने काकूंना सांगितलं, काकूंनी मला. वर म्हणतात, "घरात काही ताण आहे का हो?"

मी आल्या आल्या विचारलं. हे पहिल्यांदाच ओरडले, "मग आणायचं नव्हतं ना हे मुकं इंजिन घरात!"

जेवले नाहीत. मीही जेवले नाही, पण स्वयंपाक झाकून ठेवला. वाया जाऊ दिला नाही.

१४ एप्रिल, रविवार

आज खर्च लिहिला नाही.

लेकीकडे निघालो होतो. सहावाल्यातून माझा पहिलाच लांबचा प्रवास. हौसेने बोलायला बसले होते, जावयाचं नवं घर, तिची सासू, सगळं. मीच बोलत होते. हे समोर बघत होते, मग एका आरशात, मग दुसऱ्यात, पुन्हा समोर. मोठ्या चौकात थांबलो. वाट मोकळी झाली. ह्यांनी पाय बदलला, थांबले, आणि चावी फिरवली. कर्र! गाडी चालूच होती. मागच्या बसने भोंगा धरला तो सोडेना.

मी म्हणाले, "अहो, चालूच आहे! काय करताय?"

हे माझ्याकडे बघेनात. मी दंडाला हलवलं. तेव्हा गाडी कडेला घेतली, झाडाखाली. तळहात डॅशबोर्डवर सपाट ठेवला, मग गिअरच्या दांड्यावर, मग खाली वाकून पायाशी पत्र्यावर. मला वाटलं भोवळ आली.

वर बघून म्हणाले, "तुला आवाज येतोय का?"

"कसला?"

"इंजिनाचा."

"येतोय की. हळू आहे, पण येतोय."

"मला येत नाही."

मला वाटलं चेष्टा.

"कधीपासून?"

"चारवाल्याचाही येत नव्हता. दोन वर्षं होत आली. पण ते पायाला सांगायचं. तळव्यात थरथर आली की गिअर बदलायचा, गेली की बंद पडलं समजायचं. हाताला, पाठीला, सगळीकडून सांगायचं ते. हे काहीच सांगत नाही."

"मग त्या दिवशी शेडमध्ये बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बहिरा झालो म्हणू मिस्त्रींपुढे? दुसऱ्या दिवशी वखारीपर्यंत जाईल. मग परवाना, मग गाडी, मग काम. डोकीवर घेऊन फिरू का ती वजनं?" मग जरा हसल्यासारखे म्हणाले, "तुला गाडीत बोलायचं होतं ना. बोललीस?"

लेकीकडे गेलो नाही. सावकाश घरी आलो. सबंध वाटेत मी सांगत होते, उजव्या हाताने त्यांच्या गुडघ्यावर थाप मारून. एक थाप म्हणजे गिअर बदला. शेवटी शेवटी जमायला लागलं होतं. आता रोज मी काही वखारीवर जाणार नाही.

घरी आल्यावर म्हणाले, "घाबरू नकोस. चारवालं मिस्त्रींकडे बांधून ठेवलंय मी. तेल घालून. हे विकू, त्यात ते नवं करून घेऊ."

मी आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. पाणी वाया गेलं.

१५ एप्रिल, सोमवार

ह्यांनी गाडी काढली नाही. किल्ली खुंटीला. बसने गेले, पिशवी घेऊन.

मी शेडमध्ये गेले. मिस्त्रींना खरं काय ते सांगितलं नाही, एवढंच म्हणाले की ह्यांना सहावालं मानवत नाही, त्याला काही थरथर आणता येईल का.

मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिले. "वहिनी, थरथर काढायला लोक पैसे देतात, घालायला पहिल्यांदाच कुणी आलं. खालचे रबर काढून लाकडाचे ठोकळे ठोकले तरी जेमतेम. घडणच तशी आहे. हवं तर इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा समोर बसवून देतो."

काट्याचं मी संध्याकाळी ह्यांना विचारलं. समोर बसून, दिव्याच्या उजेडात. म्हणाले, "आयुष्यभर काटेच बघितले. पण रस्त्यावर बघू की काट्यावर? पोर आलं आडवं तर?"

चारवालं कुठे असेल तेही मिस्त्रींना विचारलं होतं. म्हणाले, "व्यापारी फोडून त्यातलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवायला पाठवतात. कधी कधी ठेवतातही, गिऱ्हाईक आलं तर. पण तुम्हीच म्हणालात ना साहेब हो म्हणाले?"

हो. मीच म्हणाले. मॅट्रिकला मराठीत पहिली आले होते मी, आणि 'हं' म्हणजे काय ते मला कळलं नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

आज सांगितलं. ठरवलं होतं की आधी इंजिन शोधावं, मग सांगावं. पण सकाळी हे अंगणात ठकीचं बॉनेट उघडून, सहावालं काढायला कुठले बोल्ट सैल करावे लागतील ते बघत होते, शीळ घालत. बेसूर. ते बघवलं नाही.

समोर जाऊन उभी राहिले. "चारवालं मी विकलं."

ओठांकडे बघत होते. "काय केलंस?"

"विकलं. मोडीत. चारशेला. तुम्हाला विचारलं होतं, पडवीत होतात तुम्ही. तुम्ही हं म्हणालात."

पाना हातातच होता. तो फडक्याने पुसला, उगाच, पुसलेलाच होता.

"मी हल्ली सगळ्यालाच हं म्हणतो," ते म्हणाले.

मग बॉनेट लावलं. आवाज होऊ नये म्हणून आपण लावतो तसं हळू नाही, आदळलं. आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले.

दिवसभर कामात मन नव्हतं. त्यांनी ज्याला ज्याला हं म्हटलं आणि मी केलं ते आठवत बसले. नणंदेच्या घरचं बोलावणं मी नाकारलं. मागच्या खोलीतलं त्यांचं टेबल काढून टाकलं. ह्यांच्याकडे काटेदुरुस्ती शिकायला येणाऱ्या दोन मुलांना नको म्हणून सांगितलं. प्रत्येक वेळी विचारून केलं. माझ्या मनात तेव्हा केवढं समाधान असायचं, की आमच्या घरात कधी वाद होत नाही.

संध्याकाळी नेहमीसारखी प्रार्थनेला बसले. हे दारात उभे राहून बघून गेले. आत आले नाहीत. देवा, आता आमच्यात लपवायचं काही उरलं नाही, तरी त्यांचं मन तुझ्याकडे का वळत नाही?

१९ एप्रिल, शुक्रवार

मिस्त्रींकडून व्यापाऱ्यांचा पत्ता घेतला. त्यांच्याकडे फोन नाही म्हणे, किंवा द्यायचा नसेल. पत्र लिहिलं. दोनदा खाडाखोड झाली, म्हणून कच्चं इथेच उतरवून ठेवते.

शेठजींना नमस्कार.

मागच्या महिन्याच्या चोवीस तारखेला, रविवारी, आमच्या गावच्या मिस्त्रींच्या शेडमधून तुम्ही जी मोड नेली तिच्यात चार सिलिंडरचं एक मोटारीचं इंजिन होतं. हिरव्या रंगाचं, रंग बराच उडालेला. ताडपत्रीत गुंडाळून सुतळीने बांधलेलं. गाठ मारणाऱ्याचा हात नीटनेटका आहे, ती पाहून ओळखू येईल. तुम्ही ती अजून सोडली नसेल तर कृपा करून सोडू नका.

ते इंजिन विकण्यात माझी चूक झाली. मालकाला न विचारता विकलं, असंच समजा. तुम्ही दिलेले चारशे परत देईन, तुमचा नफा आणि ट्रकभाडं वेगळं देईन. घासाघीस करणार नाही. माझ्या ओळखीच्या कुणालाही विचारलंत तर हे वाक्य मी लिहिलंय यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.

फोडलं असेल आणि नुसता खालचा ठोकळा उरला असेल, तरी तो ठेवा. बाकीचं आम्ही शोधू. त्या इंजिनावर एका माणसाचं रोजचं कामावर जाणं अवलंबून आहे. का, ते विचारू नका.

आणि वितळलं असेल तर तसं लिहा. वाईट वाटेल म्हणून गोलगोल लिहू नका, आणि मिस्त्रींबरोबर तोंडी निरोप पाठवू नका. पत्र माझ्या नावाने न पाठवता माझ्या यजमानांच्या नावाने पाठवा, मोकळ्या, स्पष्ट अक्षरात. जे काही झालं असेल ते त्यांना माझ्या तोंडून अर्धंमुर्धं कळण्यापेक्षा त्यांनी स्वतः वाचावं. पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. आहे की नाही, एवढं उलट टपाली कळवा.